सुकटीची दाशी

आधीच माफी मागतो. स्वयंपाकावर लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, आणि जपानी स्वयंपाकावर तर अजिबातच नाही. मी जपान पाहिलेला नाही. ब्रिटनमधल्या वेल्सच्या कार्डिफ शहरात, एका चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी सकाळी भरणाऱ्या फुकट वर्गात जे चार-सहा पदार्थ शिकलो, तेवढीच माझी पुंजी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आजवर लेख म्हणून जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरातच, आणि तिथे शेवटी 'अशा प्रकारे' असं लिहिलं की सुटका व्हायची. त्यामुळे वाचताना कुठे अडखळायला झालं तर दोष माझा समजा. गेल्या वर्षी आमच्या घरी जे झालं ते मी इथल्या ओळखीच्या एका ताईंना सांगत होतो. त्या म्हणाल्या, "अरे, हे लिहून काढ." मी म्हटलं, मला कुठे जमतं. "मग बोलतोस तसं लिही," त्या म्हणाल्या. तसं लिहितो आहे.

एम.एस्सी.साठी मी कार्डिफला आलो तेव्हा मला चहा, मॅगी आणि ऑम्लेट एवढंच येत होतं. घरी मुलगा म्हणून मला कुणी गॅसकडे जाऊ दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कधी हट्ट धरला नाही. इथे भिंतीला भिंत लागून असलेल्या एका टेरेस्ड घरात आम्ही पाच जण राहायचो. किचन एकच, आणि हॉबच्या, म्हणजे शेगडीच्या, ज्या बर्नरवर सगळ्यांचा डोळा असायचा तोच नेमका पेटायचा नाही. पहिले काही महिने मी ब्रेडवर काढले. मग एकदा लायब्ररीच्या बोर्डावर कागद दिसला: रोजचं सोपं जपानी जेवण, वर्ग मोफत, शिजवलेलं सगळ्यांनी मिळून खायचं. शेवटचे शब्द वाचून मी नाव दिलं. जपानशी त्याचा काही संबंध नव्हता.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. तरुणपणी इथल्या माणसाशी लग्न करून जपानहून आल्या आणि पुढे एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये नोकरी करून रिटायर झाल्या. इंग्रजी मात्र पक्कं कार्डिफचं. दर वाक्याच्या शेवटी 'लव्ह'. मला आधी फार संकोच वाटायचा. मग कळलं, इथे दुकानात सुटे पैसे देणारी बाईही 'लव्ह' म्हणते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

"सुशी शिकायला कोण आलंय?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं. तीन-चार हात वर झाले. "खाली घ्या, लव्ह. आपण करणार आहोत मंगळवारचं जेवण. मंगळवारी माणूस दमलेला असतो आणि शनिवार अजून लांब असतो. अशा दिवशी जपानमध्ये लोक काय खातात, ते."

वर्गात बहुतेक रिटायर झालेली मंडळी होती. माझ्या टेबलावर एक वेल्श गृहस्थ होते, आयुष्यभर सिटी बस चालवलेले. डॉक्टरांनी तेल कमी करा म्हणून बजावल्यामुळे ते आले होते. मी मनातल्या मनात त्यांना काका म्हणायचो. तोंडावर नावाने हाक मारायला ते सांगायचे, पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ वळायची नाही. मग मी त्यांना काहीच हाक न मारता नुसता त्यांच्या समोर जाऊन उभा राहायचो.

पहिल्याच दिवशी माझ्याकडे भात आला. "तू इंडियन आहेस ना? भात तुझा," बाई म्हणाल्या. आता नाही कसं म्हणायचं? मी झाकण उघडून पाहिलं तर भात एकमेकांना चिकटलेला. आमच्याकडे असा भात झाला तर पाहुण्यांसमोर आणायची सोय नाही. शितं वेगवेगळी दिसली पाहिजेत, आईचा हा नियम मी लहानपणापासून ऐकत आलेला. मला वाटलं, आपल्या हातून बिघडला. बाई पलीकडच्या टेबलावर होत्या. तेवढ्यात मी तो सगळा भात चाळणीत ओतला, नळाच्या गार पाण्याखाली धरला, वर चमचाभर तेल आणि लिंबाचे थेंब टाकून हलक्या हाताने मोकळा केला. फार सुंदर दिसत होता. प्रत्येक शीत सुटं.

मग बाईंनी सांगितलं की आज आपण ओनिगिरी करणार, म्हणजे हातावर मीठ लावून भाताचे त्रिकोणी लाडू वळायचे. काकांनी माझ्या भाताचा गोळा हातात घेतला, दाबला, आणि तो बोटांमधून सगळा त्यांच्या बुटांवर गेला.

"आयुष्यभर बस चालवली," ते म्हणाले, "पण सगळे पॅसेंजर एकदम उतरताना पहिल्यांदाच पाहिले."

बाई आल्या. एक शीत उचलून बोटांत चोळलं. "तू याला आंघोळ घातलीस?"

"हो."

"आणि तेल लावलंस?"

"हो."

"साबण तेवढा राहिला, लव्ह." मग त्यांनी पॅन तापवलं, अंडं फोडलं, कांद्याची पात चिरली आणि त्याच भाताचा परतलेला भात केला. तो म्हणे मोकळ्या भाताचाच चांगला होतो. आम्ही तो उभ्याउभ्याच संपवला.

आठवड्याने घरी फोन केला तेव्हा हे सांगितलं. आमचं घर विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी. आई हसत सुटली. "गिच्च भात शिकाले एवढ्या दूर गेला का रे बाबू तू? मले सांगाचं, मी इथंच करून दाखवतो."

दुसऱ्या वर्गात बाईंनी एक पिशवी उघडली आणि खोलीभर वास सुटला. लोकांनी नाकं मुरडली, कुणीतरी खिडकी उघडली. मी मात्र जागच्या जागी थांबलो. तो वास आमच्या आठवडी बाजारातल्या सुकटीचा होता. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक मासळी. आमच्या वस्तीत घरोघर व्हायची आणि पुण्यात मी शिकायला होतो तिथल्या घरमालकांनी 'असलं काही शिजवायचं नाही' असं खोली देतानाच सांगितलं होतं. आणि इथे बाई ती बशीत मांडून अगदी अदबीने दाखवत होत्या. "जपानी जेवणाचं सगळं बळ या पाण्यात आहे," त्या म्हणाल्या. त्या पाण्याला दाशी म्हणतात. मासोळीचं डोकं आणि पोटातला काळा भाग काढायचा, नाहीतर कडू होतं. बाकीची पाण्यात भिजत घालायची, मंद आचेवर गरम करायची, उकळी फुटायच्या आत गाळून घ्यायची. मग त्या पाण्यात काहीही शिजवा.

"कुणाला हे साफ करता येतं?" बाईंनी विचारलं. मी हात वर केला. त्या वर्गात मला आधीपासून येत होती अशी ती एकच गोष्ट.

इथे वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहेत. आमच्याकडे खर्रा खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला. डेपोत चहापेक्षा खर्रा जास्त चालतो. बाबांचं तोंड हळूहळू आखडत गेलं. आतली कातडी कडक होते आणि जबडा उघडेनासा होतो. डॉक्टरांनी आतला एक तुकडा काढून तपासायला पाठवला. तो चांगला निघाला, तेवढा घोर मिटला. त्या दिवसापासून बाबांनी खर्रा सोडला. पण तोंडाला तिखट लागलं की आग व्हायची, आणि आमचं सगळं जेवण तिखटाचं. बाबा जेवेनात. ऑपरेशन करून तोंड मोकळं करता येईल असं डॉक्टर म्हणाले, मात्र त्याआधी वजन वाढायला हवं होतं. एवढ्या अशक्त माणसाला भूल द्यायला ते तयार नव्हते. आणि जितका उशीर, तितकं तोंड आणखी बंद होणार.

हे सगळं मला धाकट्या बहिणीने सांगितलं. ती बी.एस्सी.ला आहे. आईबाबांना विचारलं तर 'सगळं बरं आहे' एवढंच मिळायचं.

मला वाटलं, मी काय करू शकतो? मी इथे ब्रेड खाणारा माणूस. पण मग डोक्यात आलं की गेले काही शनिवार मी जे शिकतो आहे त्यात तिखट कुठेच नाही. मिरची नाही, गरम मसाला नाही, आणि तरी चव आहे. शिवाय मऊ. एक पदार्थ तर असा होता की चावावंही लागत नाही. त्याचं नाव चावानमुशी. अंड्यात तिप्पट दाशी घालून वाटीत वाफवायचं, की खरवसासारखं थरथरणारं काहीतरी तयार होतं. गोड मात्र नाही. माझ्या मते आजाऱ्यासाठी याहून सोपं जेवण नाही. सुकट आठवडी बाजारात मिळते. अंडी कोपऱ्यावर. सोया सॉसची बाटली आमच्या चौकातल्या चायनीजच्या गाडीवाल्याकडे असते, चमचाभर तो आनंदाने देतो.

मग दर रविवारी आमचा व्हिडिओ कॉल सुरू झाला. माझी सकाळ, त्यांची दुपार. बहीण फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची, त्यामुळे मला आईचा एक हात आणि अर्धा गॅस दिसायचा.

"आई, आता अंडं गाळून घे."

"अंडं कोण गाळते रे?"

"जपानमध्ये गाळतात."

"त्याईले काम नसंन दुसरं."

पहिल्या वेळी आईने वाटी कुकरमध्ये ठेवली आणि सवयीने शिट्टी लावली. चांगल्या तीन शिट्ट्या झाल्यावर झाकण उघडलं. आतून पिवळं, भोकाभोकांचं, टणक काहीतरी निघालं. बाबांनी ते हातात घेऊन दाबून पाहिलं. त्यांचा आवाज दातांच्या मधून यायचा, पण टोमणा पूर्ण पोचायचा. "हे खायचं का भांडे घासायचे?"

"बाबा, शिट्टी काढायची राहिली. पुढच्या वेळी नीट होईल."

"अन् जपानी लोकं हेच खातेत?"

"हो."

"मंग बुलेट ट्रेन कशी चालवतेत?"

पुढच्या रविवारी शिट्टी काढली, झाकणाखाली फडकं बांधलं, आच मंद ठेवली. वाटी थरथरली. बहीण तिकडून ओरडली, "दादा, हललं!" मला माझा पहिला रिझल्ट लागला तेव्हा झाला नव्हता एवढा आनंद झाला. मग मऊ भात शिकवला, सुकटीच्या पाण्यात शिजवलेला. मग भोपळा, सोया सॉस आणि उलुशा, म्हणजे थोड्याशा, गुळात. आई सगळं करत होती. कुरकुर करायची, पण करत होती. मी इकडे फार खूश होतो. शनिवारी काकांना सांगायचो, माझे वडील आता जपानी जेवतात. ते म्हणायचे, "मग माझ्यापेक्षा पुढे गेले. मी अजून चिप्स खातो."

आणि मग हॉस्पिटलमधून निरोप आला की वजन आणखी कमी झालंय.

बहिणीने हळू आवाजात सांगितलं. बाबा ताटावर बसतात, दोन घास घेतात, पाणी पितात, उठतात. तोंडाची आग होते म्हणतात. मला कळेना आग कशाची होते. मला वाटलं सोया सॉस असेल, म्हणून तो बंद केला. मग गूळ बंद केला. मीठ कमी केलं. एक रविवार तर नुसतं अंडं आणि पाणी. तरीही तेच. मी बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, यात आग होण्यासारखं काही नाही, लव्ह. मला माझ्या शिकवण्यावरच शंका यायला लागली. तसा मी काय आचारी होतो?

एका रविवारी आमचं बोलणं संपलं, आईने 'ठेव मग' म्हटलं आणि ती वळली. बहीण फोन उचलायला विसरली. मीही कॉल बंद करता करता थांबलो, कारण आईच्या हातात कढई दिसली. कढईत तेल. तेलात मोहरी. आणि मग आमच्या घरातल्या त्या लाल डब्यातलं तिखट, चांगला अर्धा चमचा. कढई उचलून तिने ती माझ्या सुकटीच्या भातावर ओतली. चुर्र आवाज झाला, तो कार्डिफपर्यंत ऐकू आला.

"आई!"

आई दचकली. इतकी की पळी खाली पडली. "बंद नाही झाला का रे हा?"

"आई, तू तिखट टाकलंस?"

"उलुसं टाकलं."

"रोज टाकतेस?"

तिने गॅस बंद केला. पदराने हात पुसले. मला वाटलं ती चिडेल, म्हणेल की तू काय मला स्वयंपाक शिकवतो. पण ती खाली बघून म्हणाली, "बिनाफोडणीचं कोणाच्या घरी शिजते, तुले माहीत नाही का?"

माहीत होतं. आमच्याकडे घरात कुणी गेलं की काही दिवस फोडणी देत नाहीत. कढई चढत नाही. शेजारपाजारचे लोक घरावरून जाताना नुसत्या वासावरून ओळखतात. माझ्या आजोबांच्या वेळचं ते पांढरं, बिनवासाचं वरण मला अजून आठवतं. आणि मी काय करत होतो? दर रविवारी सकाळी विलायतेतल्या माणसासारखा हसत हसत आईला सांगत होतो की आजारी नवऱ्यासाठी तेच शिजव.

बाबा बाहेरच्या खोलीतून उठून आत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "अवं, आपण बौद्ध आहोत," ते म्हणाले. "आपल्यात कुठलं सुतक अन् कुठलं गितक? अन् मी जित्ता आहो ना अजून."

"तुमच्यात नसंन," आई म्हणाली. "माह्या हाताले कोण सांगंन?"

बाबा यावर हसतील असं मला वाटलं होतं. आमच्या घरी असल्या गोष्टींची टिंगल करणारे तेच. पण ते पिठाच्या डब्याजवळच्या स्टुलावर बसले, त्यामुळे मला त्यांचा अर्धा चेहरा अगदी मोठा दिसायला लागला. गालाचं हाड वर आलेलं.

"तोंड जळत होतं मले रोज," ते म्हणाले.

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू रागावशीन म्हून."

"अन् मी नाही रागावली आता?"

"आता तर पोट्टा बघून रायला," बाबा म्हणाले आणि कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. बहीण फसकन हसली. आईलाही हसू आलं, पण ती तोंड फिरवून उभी राहिली. त्या दिवशी बाबा ताकभात जेवले. मी फोन ठेवला. आईला तिखट टाकू नको म्हणणं सोपं होतं. फोडणी देऊ नको, असं मी तिला पुन्हा सांगू शकलो नसतो.

शनिवारी वर्ग सुटल्यावर बाईंना हे सांगितलं. सांगताना मला भीती होती की त्या ही अंधश्रद्धा म्हणून सोडून देतील. इंग्रजीत सांगताना ते मलाच तसं वाटायला लागलं होतं. बाई कप विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"माझा नवरा पहिल्यांदा माझ्या आईच्या घरी जेवायला बसला," त्या म्हणाल्या, "तेव्हा त्यानं बोलता बोलता चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचल्या. आमच्याकडे तसं मेलेल्या माणसाच्या भातात खोचतात. आई उठून आतच गेली. तो बिचारा विचारतोय, त्यांना भात गरम लागला का? मी इथे इतकी वर्षं राहिले, चर्चच्या हॉलमध्ये शिकवते, पण आजही कुणी भातात काटा उभा ठेवला तर माझा हात आपोआप पुढे जातो."

मग त्यांनी मला पुन्हा हॉबजवळ बोलावलं. काका कोट घालून निघाले होते, तेही परत आले. बाईंनी बशीत मऊ टोफू ठेवला, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. त्यावर कांद्याची पात बारीक चिरून. छोट्या पॅनमध्ये तिळाचं तेल, त्यात पांढरे तीळ. तेलातून धूर यायच्या जरा आधी त्यांनी ते पातीवर ओतलं. चुर्र!

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

"आमच्याकडे घरी करतात असं," त्या म्हणाल्या. "तू पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्टीत तेल घालायला बघतोस, तेव्हाच हे दाखवायला हवं होतं. आईला म्हणावं, दे फोडणी. तिखट तेवढं नको. मोहरी नको, तोंडात रुतते."

"हेच मला पाहिजे होतं," काका बशी पुढे ओढत म्हणाले. "आणि नेमकं हेच डॉक्टर नको म्हणतो."

रविवारी आईला सांगितलं. ती आधी तयार नव्हती. "तीळ अन् पात? याले फोडणी म्हणतेत का?" मी म्हटलं, एकदा करून बघ. तिळाचं तेल घरात होतंच. बहिणीने फोन नीट धरला, त्यामुळे या वेळी मला आई पूर्ण दिसली. वाटीतलं अंडं वाफवून झालं होतं. आईने कढई चढवली, तेल टाकलं, तीळ टाकले. तीळ उडायला लागले तशी तिने पदर सावरून मान मागे घेतली, अगदी नेहमीसारखी. मग पळीने तेल वर सोडलं. पात आक्रसली, आवाज झाला, आणि आई त्या वाटीवर वाकली आणि तिने वास घेतला.

"बरा आहे," ती म्हणाली.

बाबांनी चमच्याची कड ओठांतून कशीबशी आत सरकवली. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. "असे टक लावून बघाल तर गिळलं जाईन का?" ते म्हणाले. आम्ही माना फिरवल्या. मी पण फिरवली, स्क्रीनवर असूनही. वाटी संपली. मग दुसरी वाटी संपली. मग ते म्हणाले, "यात कांद्याची पात जास्त टाकत जा." आमच्या घरात हे कौतुकच समजतात.

त्यानंतर आई माझ्या पुढे गेली. भोपळ्यावर ती फोडणी. मऊ भातावर ती फोडणी. पालक सुकटीच्या पाण्यात शिजवून त्यावर ती फोडणी, हे तर मी शिकवलंच नव्हतं. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "हे माझ्यासाठी लिहून घे, लव्ह." पुढच्या शनिवारी वर्गात आईचा पालक झाला. माझं काम फक्त मासोळ्यांची डोकी काढायचं.

वजन वाढत गेलं. सावकाश, पण वाढलं. डॉक्टरांनी तारीख दिली आणि ऑपरेशन झालं. त्या दिवसांत माझ्या प्रबंधाची मुदत आली होती. मी लायब्ररीत बसायचो आणि स्क्रीनवर एक ओळही पुढे सरकायची नाही. घरी फोन केला की सगळे म्हणायचे, बरं आहे. परदेशात असलेल्या मुलाला एवढंच सांगायचं असतं, असा आमच्या घरचा जणू कायदाच आहे. बाबांशी बोलता येत नव्हतं, टाके होते. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की ऑपरेशन झालं म्हणजे सगळं झालं असं नाही. रोज जबड्याचे व्यायाम करावे लागतील, दुखतील. केले नाहीत तर तोंड पुन्हा आखडेल. बाबा ते करत होते की नाही, कुणी धड सांगेना. बहिणीची परीक्षा सुरू होती. मी तिला विचारलं, खरं सांग, उघडतं का? तिने लिहिलं, 'दादा, सूज आहे, आत्ता कळत नाही.' मग बरेच दिवस काही नाही. मी विचारत राहिलो आणि ती अंगठा पाठवत राहिली.

वर्गाचा शेवटचा शनिवार आला. हॉलमध्ये ऊन होतं, इथल्या मानाने चांगलंच. सगळ्यांनी एकेक पदार्थ करायचा होता. मी चावानमुशी केली, सगळ्यांना पुरेल एवढी. बाईंनी वाटी हातात धरून जरा हलवली, ती थरथरली, आणि त्या खायला लागल्या. काकांनी स्वतःची संपवून माझीही घेतली. मी त्यांना या वेळी पहिल्यांदा नावाने हाक मारली, ती माझी वाटी आहे म्हणून सांगायला. ते म्हणाले, "होती."

मग मी भांडी घासायला उभा राहिलो. कोपरापर्यंत फेस होता. खिशातला फोन वाजला. मी तो तसाच ओल्या हाताने काढला. बहिणीचा मेसेज होता:

'दादा, बाबांना आत्ता जांभई आली. मोठी, पूर्ण! आई मला बोलवायला आत धावली. मी येईपर्यंत संपली. आई म्हणते घसा दिसत होता.'